हजेरीपटाची साक्ष

सकाळची प्रार्थना आटोपली की गुरुजी हजेरीपट उघडतात. एकेक नाव पुकारले जाते, ‘हजर’ असा कोवळा आवाज उमटतो आणि नावापुढच्या चौकोनात एक बारीकशी खूण पडते. ज्याच्या नावाला उत्तर येत नाही, त्याच्या चौकोनात दुसरी खूण पडते. दोन मिनिटांत हे काम उरकते आणि पाढ्यांना आरंभ होतो. शाळेच्या साऱ्या दप्तरात याहून नीरस कागद शोधून सापडावयाचा नाही. अनुदानाचा हिशेब, तपासनिसांची भेट आणि वर्षअखेरची सरासरी यांपलीकडे त्याचा उपयोग नाही, असाच सर्वसाधारण समज आहे. परंतु जी गोष्ट बोलून दाखविण्याचे बळ मुलाच्या अंगी नव्हते आणि जी झाकून ठेवण्यातच घरच्यांचे हित होते, ती गोष्ट या चौकोनांनी कित्येकदा सांगितलेली आहे. ती केव्हा ऐकली गेली आणि केव्हा ऐकूनही न ऐकल्यासारखी झाली, हा इतिहास मुख्यतः इंग्लंडचा आहे. नोंदी ठेवण्याची चाल तेथे लवकर रुजली; आणि विशेष म्हणजे नोंदी फसल्या तेव्हा त्या का फसल्या याची चौकशी उघडपणे होऊन ती छापलीही गेली.

या नोंदींचा जन्म शाळेत झाला नाही, गिरणीत झाला. १८३३ च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बहुतांशी बंदी केली. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली. आणि त्यांनी रोज दोन तास शाळेत बसले पाहिजे असे ठरविले. मूल शाळेत बसले की नाही हे समजावे कसे? तर शिक्षकाने आठवड्याच्या आठवड्याला दाखला द्यावा आणि गिरणीमालकाने तो जपून ठेवावा. हे पाहण्यासाठी साऱ्या देशात चार निरीक्षक नेमण्यात आले. त्यांपैकी लिओनार्ड हॉर्नर या गृहस्थांनी पंचवीस वर्षांहून अधिक काळ हे काम चिकाटीने केले. पहिली अडचण वयाची. जन्मनोंदणी १८३७ साली सुरू झाली. तोवर मूल नऊ वर्षांचे आहे की सात, हे डॉक्टरांनी त्याच्या अंगलटीवरून सांगावयाचे. उंची मोजून पाहिली गेली. दातांवरून वय ओळखता येते असे एका दंतवैद्याने पुस्तिका लिहून प्रतिपादिले. दुसरी अडचण अधिक मासलेवाईक होती. शाळेच्या हजेरीचे कित्येक दाखले निरीक्षकांपुढे आले, त्यांवर शिक्षकाच्या सहीच्या जागी फुलीच होती. दाखला देणाऱ्या पंतोजींना स्वतःलाच लिहिता येत नव्हते! १८४४ च्या कायद्याने मग असा नियम केला की, दाखल्यातील आकडे शिक्षकाने स्वहस्ते भरावेत आणि खाली आपले संपूर्ण नाव लिहावे.

या साऱ्या व्यवस्थेत संशय होता तो गिरणीमालकावर. आईबापांवर संशय घेण्याची कल्पना त्या काळच्या इंग्रज मनाला शिवलेली नव्हती. घर हे गृहस्थाचे राज्य. त्याच्या उंबऱ्याआत सरकारने पाऊल टाकू नये, अशी समजूत होती. गुराढोरांना क्रूरपणे वागविण्याविरुद्ध पार्लमेंटने १८२२ साली कायदा केला. मुलांना क्रूरपणे वागविण्याविरुद्धचा कायदा व्हावयास १८८९ साल उजाडावे लागले. मधली सदुसष्ट वर्षे बैलाला जे संरक्षण होते, ते बालकाला नव्हते.

या सदुसष्ट वर्षांत घराचा दरवाजा किलकिला केला तो शाळेने. १८७० च्या शिक्षण कायद्याने ठिकठिकाणी लोकनियुक्त शाळामंडळे आली, आणि १८८० साली मुलांना शाळेत पाठविणे देशभर सक्तीचे झाले. सक्ती म्हटली की सक्ती करणारा माणूस आलाच. लंडनच्या शाळामंडळाने नेमलेले हजेरी अधिकारी गल्लीगल्लीतून हिंडत आणि प्रत्येक घरात मुले किती, बाप काय काम करतो, बिऱ्हाडाला खोल्या किती, हे वह्यांतून टिपून ठेवीत. गरीब वस्तीला हा माणूस मुळीच प्रिय नव्हता. पायात जोडा नाही म्हणून घरी राहिलेला मुलगा, धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी आईने ठेवून घेतलेली मुलगी, यांच्या नावापुढे तीच खूण पडे आणि दंडाची नोटीस त्याच दाराशी येई. त्या आईच्या लेखी तो शिक्षणाचा दूत नव्हता, वसुलीचा कारकून होता. तिचे म्हणणे खोटे होते असे कोण म्हणेल? गैरहजेरीची खूण दारिद्र्य आणि क्रौर्य यांत भेद करीत नाही. कोठे पाहावे एवढेच ती सांगते. काय दिसेल हे ती सांगत नाही.

तथापि, या वह्यांचे मोल एका गृहस्थाने ओळखले. चार्ल्स बूथ हे जहाजांच्या व्यापारात पैसा मिळविलेले व्यापारी. लंडनमध्ये खरोखर गरीब किती आहेत हे मोजावे, असे त्यांनी १८८६ च्या सुमारास मनात घेतले. त्यांनी हजेरी अधिकाऱ्यांना समोर बसवून त्यांच्या वह्या रस्त्यामागून रस्ता अशा वाचून घेतल्या, आणि त्यांवरून लंडनच्या दारिद्र्याचा रंगीत नकाशा काढला. शाळेत मुलांना बसविण्यासाठी भरलेल्या वहीतून एका महानगराचे अंतरंग उलगडले. नोंद करणाराच्या मनातही नसते ते नोंदीतून निघू शकते, याचे याहून मोठे उदाहरण सापडणे कठीण.

बेंजामिन वॉ हे धर्मोपदेशक लंडनच्या पहिल्या शाळामंडळावर १८७० साली निवडून आले होते. मुलांच्या छळाला पायबंद घालण्यासाठी लंडनमध्ये १८८४ साली जी संस्था स्थापन झाली तिचे ते प्राण होते, आणि १८८९ च्या कायद्यामागे मुख्य खटपट त्यांचीच. या कायद्याने मुलाला छळणाऱ्या पालकाला अटक करण्याचा, वॉरंट घेऊन घरात शिरण्याचा आणि मुलाला तेथून काढून दुसऱ्याच्या हवाली करण्याचा अधिकार दिला. पुढे बोअर युद्धात सैन्यभरतीसाठी आलेले कित्येक तरुण अशक्त निघाले, तेव्हा राज्यकर्त्यांना मुलांच्या प्रकृतीची आठवण झाली. १९०६ साली शाळेत जेवण देण्याचा आणि १९०७ साली शाळेत वैद्यकीय तपासणी करण्याचा कायदा झाला. हेतू उदात्त होता असे नाही. साम्राज्याला सैनिक हवे होते. पण त्यामुळे हजेरीच्या खुणेशेजारी उंची आणि वजन येऊन बसले. मूल शाळेत येते की नाही एवढेच नव्हे, तर ते वाढते आहे की झिजते आहे, हेही आता कागदावर दिसू लागले.

कागदावर दिसणे निराळे आणि कोणी ते पाहणे निराळे. हा फरक साऱ्या इंग्लंडला कळला तो ब्रायटन येथील मारिया कोल्वेल या मुलीच्या मृत्यूने. मारिया लहानपणापासून आत्याच्या घरी वाढत होती. १९७१ साली तिला आईकडे परत पाठविण्यात आले. जानेवारी १९७३ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, सावत्र बापाच्या मारहाणीने ती मरण पावली. तिची रोडावलेली प्रकृती शिक्षिकांना दिसली होती; शेजाऱ्यांनी पुनःपुन्हा तक्रारी केल्या होत्या; शाळेच्या कल्याण अधिकाऱ्यांना, समाजकार्य खात्याला, बालसंरक्षण संस्थेला, प्रत्येकाला काही ना काही ठाऊक होते. १९७४ साली चौकशी समितीचा अहवाल आला. त्यात मुख्य दोष सांगितला तो हा की, माहिती होती, पण ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली नाही. त्यानंतर ज्यांच्या जिवाला धोका आहे अशा मुलांची जिल्हावार नोंदवही ठेवण्याची आणि सर्व खात्यांनी एकत्र बसून विचार करण्याची पद्धत सुरू झाली.

आता एक उलटे उदाहरण. पॅरिसजवळ व्हिलपँत नावाचे उपनगर आहे. तेथील प्राथमिक शाळेत आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टहून आलेली सात वर्षांची मुलगी दाखल झाली. तिचे नाव व्हिक्टोरिया क्लिम्बिए. वडिलांच्या नात्यातील एका बाईने तिला उत्तम शिक्षण देण्याचे आश्वासन देऊन युरोपात आणले होते. १९९८ च्या डिसेंबरात त्या शाळेने मुलीच्या गैरहजेरीबद्दल बाईला इशारे देण्यास सुरुवात केली. १९९९ च्या फेब्रुवारीपर्यंत मुलीला धोका असल्याची तातडीची सूचना शाळेकडून गेली आणि समाजसेविकेने प्रकरण हाती घेतले. हजेरीपट जे करू शकतो ते त्याने येथे चोख केले होते. पण एप्रिल १९९९ मध्ये ती बाई मुलीला घेऊन लंडनला निघून गेली. नोंद फ्रान्समध्ये राहिली. मुलगी समुद्रापार गेली. इंग्लंडमध्ये तिचे नाव कोणत्याही शाळेच्या पटावर कधी चढलेच नाही. रुग्णालये, पोलीस, चार ठिकाणची समाजकार्य खाती यांच्या नजरेखालून ती गेली. पण रोज सकाळी तिचे नाव पुकारणारे आणि उत्तर आले नाही तर मान वर करून पाहणारे असे माणूस त्या देशात नव्हते. २५ फेब्रुवारी २००० रोजी ती मरण पावली. तिच्या अंगावर १२८ जखमा व वण मोजले गेले. लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशी अहवालाने जानेवारी २००३ मध्ये १०८ शिफारशी केल्या.

या अहवालानंतर सरकारने जो उपाय योजला तो भव्य होता. देशातील सुमारे एक कोटी दहा लाख मुलांपैकी प्रत्येकाचे नाव, पत्ता, शाळा, डॉक्टर आणि त्याच्याशी संबंधित असलेली खाती, हे सारे एकाच संगणकीय सूचीत आणावयाचे. ‘काँटॅक्टपॉइंट’ या नावाने ही सूची २००९ साली सुरू झाली. तिच्यावर टीकाही तितकीच झाली. लाखो कर्मचाऱ्यांना उघडी असलेली सूची सुरक्षित कशी राहणार, आणि चार मुलांच्या रक्षणासाठी साऱ्या मुलांवर पाळत का ठेवावयाची, असे प्रश्न विचारले गेले. सरकार बदलले आणि ऑगस्ट २०१० मध्ये सूची बंद झाली. वीस कोटी पौंडांहून अधिक खर्च झालेली ही व्यवस्था दीड वर्षदेखील चालली नाही. ती चालली असती तर मुले वाचली असती काय? प्रशासनात ज्यांनी काही वर्षे काढली आहेत, त्यांना या प्रश्नाचे उत्तर अवघड वाटू नये. सूचीत मुलाचा पत्ता होता, मुलाचे पोट खपाटीला गेल्याची नोंद नव्हती. ती नोंद वर्गातच होते, आणि ती वाचावयाचीही वर्गापासूनच.

कॉव्हेंट्री येथील डॅनियल पेल्का या चार वर्षांच्या मुलाची हकीकत हेच सांगते. घरची भाषा पोलिश. इंग्रजी त्याला जेमतेम येत असे. सप्टेंबर २०११ मध्ये तो शाळेत जाऊ लागला. तो इतर मुलांच्या डब्यांतले खाणे उचली, कचऱ्याच्या टोपलीत हात घालून टाकलेले अन्न खाई. आईने शाळेला सांगितले की, त्याला खा-खा करण्याचा विकार आहे, त्याला अधिक खावयास देऊ नका. शाळेने ते मानले आणि खाण्याचे पदार्थ त्याच्या हाती लागणार नाहीत असे ठेवले. निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या शिक्षकांना त्याच्या अंगावर वळ दिसले. एकाने पाहिले, दुसऱ्याने पाहिले, कोणी टिपून ठेवले, कोणी तोंडी सांगितले. पण एका मुलाच्या नावाने एकाच कागदावर या सर्व गोष्टी एकाखाली एक लिहिल्या गेल्या नाहीत. त्या तशा लिहिल्या असत्या, तर वजन घटणे, अन्न चोरणे, वळ आणि गैरहजेरी यांची बेरीज वर्गातील कोणालाही करता आली असती. ३ मार्च २०१२ रोजी डॅनियल मरण पावला. त्याची आई आणि तिचा साथीदार यांना २०१३ साली खुनाबद्दल शिक्षा झाली. त्याच वर्षी निघालेल्या अहवालात आणखी एक वाक्यागणिक टोचणारी बाब आहे. घरी काय चालले आहे हे डॅनियलला त्याच्या भाषेत कोणी विचारल्याची नोंद कोठेच सापडली नाही.

हजेरीपटाला भ्यालेला पालक काय करतो, तर मुलाचे नावच पटावरून काढून घेतो. वोकिंग येथील सारा शरीफ या दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडावरील वळ पाहून शाळेने मार्च २०२३ मध्ये समाजकार्य खात्याला कळविले. थोड्याच दिवसांत खात्याने प्रकरण मिटविले. एप्रिलमध्ये बापाने मुलीला घरीच शिकविणार असल्याचे सांगून तिला शाळेतून काढले. ऑगस्टमध्ये ती मृतावस्थेत सापडली. डिसेंबर २०२४ मध्ये बाप आणि सावत्र आई यांना खुनाबद्दल दोषी ठरविण्यात आले. आणि त्याच महिन्यात, शाळेत नसलेल्या मुलांचीही नोंदवही ठेवावी, व जेथे छळाची चौकशी चालू आहे तेथे मुलाला शाळेतून काढण्यास स्थानिक मंडळाची संमती लागावी, असे विधेयक इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे मांडले गेले. जे पटावर आहेत त्यांची गणना करण्यापासून निघालेली वाट, जे पटावर नाहीत त्यांची गणना करण्यापर्यंत अशी आली.

आपल्याकडे हजेरीची सक्ती आली ती या इंग्रजी कायद्यांकडे पाहूनच. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली महालात प्रयोग करून १९०६ मध्ये सक्ती राज्यभर लागू केली. नामदार गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात आपले विधेयक आणले. पुढील वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ साली सक्ती केली, ती मुलाला न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडासह. या तिन्ही ठिकाणी झगडा अज्ञानाशी होता. घरात मूल छळले जात असेल आणि पट ते सांगेल, हा विचार त्या काळी कोणाच्या मनात नव्हता, आणि पुढेही पुष्कळ वर्षे आला नाही.

तो आणला आकड्यांनी. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांना विचारून केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. दर तिघांतील दोघांनी मारहाण सोसल्याचे सांगितले. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसला होता. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्यांनी गुरुजींच्या छडीचीही तक्रार केली होती, हे येथे लपवून चालणार नाही. ज्या हाताने हजेरी मांडावयाची त्याच हातात छडी असेल, तर मूल त्या हाताला काय सांगणार? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने छडी बेकायदा ठरविली आणि आपल्या हद्दीतील प्रत्येक मुलाची नोंद ठेवून त्याच्या हजेरीवर लक्ष ठेवण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले. २०१२ च्या कायद्याने मुलांवरील लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना कळविणे प्रत्येकास बंधनकारक केले. न कळविणे हाच गुन्हा झाला.

हे कायदे खेड्यातल्या शाळेपर्यंत कसे पोहोचतात, ते मुलीच्या लग्नाच्या वेळी दिसून येते. सातवी-आठवीतील मुलगी दिवाळीनंतर शाळेत दिसेनाशी होते. मावशीकडे गेली, असे भावंडे सांगतात. शाळेच्या जनरल रजिस्टरात तिची जन्मतारीख असते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली लग्न थांबवावयाचे तर वयाचा पुरावा लागतो, आणि तो बहुधा याच रजिस्टरातून निघतो. महाराष्ट्रात गावापुरता प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाची नेमणूक आहे. मुख्याध्यापकाने चार दिवसांच्या गैरहजेरीचे कारण विचारले आणि ग्रामसेवकाला तारीख दाखविली, तर मांडव पडण्याआधी काम होते. विचारले नाही, तर महिनाअखेर त्या चौकोनांवरून एक आडवी रेघ मारली जाते.

मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबेही याच सुमारास गाव सोडतात. कोयत्याबरोबर मुले निघतात. कारखान्यांच्या तळावर पोहोचेपर्यंत ती कोणत्याच शाळेची नसतात. अशा मुलांसाठी महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्डाची योजना आखली गेली. गावच्या शाळेने मुलाचे नाव व इयत्ता लिहून कार्ड द्यावयाचे, आणि जेथे कुटुंब जाईल तेथील शाळेने ते पाहून मुलाला बसवून घ्यावयाचे. व्हिलपँतच्या शाळेतील नोंद सरहद्दीवर थांबली. येथे नोंद मुलाच्याच हातात दिली जाते. कारखान्याचा पट्टा पडला की चैत्र-वैशाखात गाड्या परत येतात. आपल्या कार्डांपैकी किती दुसऱ्या शाळेत दाखविली गेली, हे गावच्या गुरुजींना तेव्हा मुलांनाच विचारावे लागते.